हयात, मयत आणि नाथा तांडेल

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
रविवार, १४ जून १९९८

स्वरूप,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असणार. तरी उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. फाडायचं असेल तर वाचून मग फाड. पत्ता आणि फोन नंबर ईश्वरसरांकडून घेतला. तुझं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय, अशी थाप मारली त्यांना. पुस्तकबिस्तक काही राहिलेलं नाही.

मी बरा आहे. म्हणजे खातोय, ऑफिसला जातोय, चिडचिड करतोय. तू बंगलोरला कॉम्प्युटरमधल्या दोन हजार सालच्या तारखा दुरुस्त करायच्या कामावर आहेस, असं सर म्हणाले. छान आहे. तुला पहिल्यापासून दुसऱ्यांच्या चुका निस्तरायची हौस.

आपलं प्रोग्रॅमिंगचं मंडळ अजून नवघरला सरांच्या कॉम्प्युटर क्लासातच भरतं, रविवारी सकाळी. नवी पोरं येतात, जावा नावाची नवी भाषा शिकतायत, वाद मात्र तेच. परवा एक जण टेबलावर हात आपटून बोलला, तर सरांनी त्याला बाहेर पाणी प्यायला पाठवलं. आपल्याला पाठवायचे तसंच. नियमही तोच आहे. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या अक्षरात वहीत लिहून काढायचं, त्याला पटेल इतकं नीट. त्यानं मान डोलावली की मग आपलं तोंड उघडायचं, तेही तोंडीच. वहीत नाव कुणाचंच घालायचं नाही, कारण म्हणणं महत्त्वाचं, कुणाचं ते नाही. सर हे सांगताना अजून तसंच बोट वर करतात.

माझं लग्न झालं. इशिता नाव तिचं. ती कॉम्प्युटरवाली नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. एकदा तिनं विचारलं, तुम्ही दोघं भांडायचात ते नक्की कशावरून? मी तिला तुमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचं उदाहरण दिलं. म्हटलं, मंडळानं त्यांना सभासदांची नोंद ठेवायचा प्रोग्रॅम फुकट करून द्यायचं ठरवलं होतं. माझं म्हणणं असं, की 'सभासद' हा एक मूळ साचा करायचा. त्याच्या पोटी दोन साचे, हयात आणि मयत. मूळ साच्यात जे असेल ते दोघांना वारशानं आपोआप मिळतं. लिहायला कमी, वाचायला स्वच्छ. स्वरूपचं म्हणणं असं, की मयत हा माणसाचा प्रकारच नव्हे. माणूस एकच. त्याच्याजवळ त्याची अवस्था वेगळी ठेवायची, डब्यात ठेवल्यासारखी. आज एक असेल, उद्या दुसरी असेल, परवा काय असेल ते आपल्याला आज माहीत नाही. साचा म्हणजे जात, ती जन्माला येताना चिकटते आणि मशीनमध्येसुद्धा बदलत नाही, असं तो म्हणायचा.

इशिता म्हणाली, मग बरोबर कोण होतं? मी म्हटलं, दोन्ही पद्धती चालतात. ती म्हणाली, तसं नाही विचारलं मी.

तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी बरोबर होतो. आता स्वच्छ दिसतं, मासळी घेताना भाव पाडते. मी दर पंधरवड्याला जाऊन येतो. तुझं नाव ती घेत नाही. कुणी काढलं तर उठून आत जाते. स्वतःच्या मामाला पोरानं कागदावर मारला, असं गाव अजून म्हणतं, आणि तीही तेच धरून बसली आहे. ते खरं नाही, हे दोघांनाच माहीत आहे. एक तू. दुसरा कोण ते लिहायला नको.

आणि आणखी एक, हसू नकोस. मी नाथामामांना पाहिलं. आमच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. दुपारी बाराचं ऊन, बांधावर एक माणूस उभा. डावा खांदा खाली, गळ्यात लाल रुमाल. मी इशिताला हाक मारली, ती येईपर्यंत नुसता बांध. तीन वेळा झालंय हे. डोळे तपासून घेतले, नंबर आहे तोच आहे.

उत्तर पाठव. नाहीतर नको पाठवू, पण पत्र पोचलं एवढं कळू दे.

जयकुमार

.

सिल्व्हर पार्क
रविवार, ९ ऑगस्ट १९९८

स्वरूप,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही दिलं नसतं.

काल नारळी पौर्णिमा झाली. मी तुमच्या गावात गेलो होतो. बोटी रंगवलेल्या, बँड, पोरी नटलेल्या. तुझी आई घरातच होती. दर सालचा नारळ नाथामामा सोडायचे ना, त्यांच्या जागी आता कोण सोडणार यावरून घरात बोलणं झालं असावं, कारण कोपऱ्यात नारळ तसाच ठेवलेला होता. मला म्हणाली, "तू सोडतंस काय?" मी म्हटलं, मला पोहता येत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. नारळ सोडायला पोहता कशाला यायला हवं.

गेल्या पत्रात मी फार इकडंतिकडं केलं. आज सरळ लिहितो.

शहाण्णवच्या नारळी पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी मामांची बोट बुडाली. चौघांपैकी तिघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. मामा सापडले नाहीत. जिवंतही नाहीत, आणि प्रेतही नाही. तू नोकरीवर रजा टाकून वसईपासून गोराईपर्यंत किनारे पालथे घातलेस. इथवर तुला माहीत आहे, मी तुला काय सांगणार.

तुला जे मी कधी सांगितलं नाही ते हे. विसाव्या दिवशी सरांच्या क्लासातला फोन वाजला. सर बाहेर होते, मी उचलला. तुमच्या सोसायटीची क्लार्क शैला. लाइनीत खरखर इतकी, की मला तिचं आणि तिला माझं नीट ऐकू येत नव्हतं. म्हणाली, दादा, सर्वसाधारण सभेची यादी काढायचीय, नाथाशेठच्या नावावर मशीन अडकलंय, हयात का मयत विचारतंय, काय करू? तिसरं काही नव्हतंच ना. मीच ठेवलं नव्हतं. घाईत होतो, साडेअकराला एकाला भेटायचं होतं. कुणाला, ते आता आठवतही नाही. मी म्हटलं, "सध्या मयतमध्ये टाक. यादी निघू दे, मग बघू."

सध्या. हा शब्द मी वापरला.

मग काय झालं ते तुला माहीत आहे, पण का झालं ते ऐक. नोंद मयतमध्ये गेली की दुखवट्याचं पत्र आपोआप छापलं जावं, ही सोय मी केली होती. मंडळात त्यावर टाळ्या पडल्या होत्या. श्री.चं कै. करायचं, बायकोच्या नावामागचं सौ. काढून गं. भा. घालायचं, सगळं मशीन करणार. शैलानं यादी छापली, तिच्या मागोमाग ते पत्रही निघालं. तिनं न बघता सगळ्या कागदांवर अध्यक्षांच्या सहीचा शिक्का मारला आणि शिपायाकडे दिले.

गोदूमामींना वाचता येत नाही. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं. 'गं. भा. गोदूबाई नाथा तांडेल यांस, आपले पती कै. नाथा यांच्या निधनाने सोसायटी आपल्या दुःखात सहभागी आहे.' शिक्का, सही, छापील अक्षर. घरच्यांना वाटलं, सोसायटीकडे सरकारातून खबर आली. कुणी विचारायला गेलं नाही. तासाभरात बायका जमल्या आणि बांगड्या फोडल्या. पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तू तेव्हा डहाणूच्या बाजूला मामांना शोधत होतास.

तू परतलास, सोसायटीत जाऊन विचारलंस, खबर कुठून आली? खबर नव्हतीच. मग गाव पेटलं.

मी दुसऱ्याच दिवशी नोंद परत फिरवायला बसलो होतो, हे तुला माहीत नसेल. फिरवता येईना. मयताचा हयात होत नसतो, म्हणून परतीची वाट मी लिहिलीच नव्हती. नवं खातं उघडून त्यात नाथा तांडेल हयात असं घातलं, तर यादीत दोन नाथा तांडेल यायला लागले, एक श्री. आणि एक कै. मग श्री. काढून टाकला. दोघांतला तो काढणं सोपं होतं.

सोसायटी अजून तोच प्रोग्रॅम वापरते. दर सप्टेंबरात यादी काढायला मला बोलावतात. प्रिंटर 'न'पर्यंत आला की मी उठून बाहेर जाऊन उभा राहतो.

जयकुमार

.

सिल्व्हर पार्क
रविवार, ४ ऑक्टोबर १९९८

स्वरूप,

तुझं कार्ड मिळालं. सहा शब्द. "मला सांगून काय उपयोग? आईला सांग." मी ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. घरी ठेवलं असतं तर इशितानं विचारलं असतं.

तिला सांगायचं हे मला दोन वर्षं कळतंय. सांगता आलं नाही, म्हणून तर तुला लिहायला बसलो. तुला लिहिणं सोपं, तुझा चेहरा दिसत नाही.

पण मामांच्या नोंदीवरून गावानं भरवलेल्या त्या सभेबद्दल तरी लिहू दे. तिथं मी काय केलं ते मी आजवर कुणाच्याही पुढ्यात मांडलेलं नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये सगळं गाव. बबनशेठ अध्यक्षाच्या खुर्चीत. आदल्या आठवड्यात गोदूमामींचे भाऊ त्यांना माहेरी अर्नाळ्याला घेऊन गेलेले, त्यामुळे त्या नव्हत्या. तुझी आई बायकांत पुढे. ईश्वरसर तापानं पडलेले, म्हणून त्यांनी माझ्याजवळ मंडळाची वही दिली होती. आपण किती विचार करून काम केलंय ते त्यांना दाखव, म्हणाले.

शैलाला विचारलं. ती रडत म्हणाली, क्लासात फोन केला होता, तिथल्या दादांनी सांगितलं तसं केलं. कुठले दादा? आवाज ओळखू आला नाही. बबनशेठ म्हणाले, मंडळात सोसायटीचं काम बघणारा आपला माणूस एकच. सगळे तुझ्याकडे वळले. तू म्हणालास, मी नाही, मी तर याच्या विरुद्ध होतो, वहीत बघा.

मी वही दिली. त्यांनी उघडली.

गावातले निम्मे अर्ज तुझ्या हातचे. तुझं अक्षर तिथं कुणाला माहीत नाही? आणि त्या अक्षरात वहीत लिहिलेलं होतं: 'सभासद दोनच प्रकारचे मानावेत, हयात आणि मयत. तिसरा प्रकार ठेवल्यास गुंता वाढेल. जो समुद्रावरून परतला नाही त्याची नोंदही या दोहोंपैकी एकातच व्हावी.' खाली नाव नाही. ते माझं म्हणणं होतं रे, नियमाप्रमाणे तू लिहून काढलेलं. इतकं चोख लिहिलं होतंस, की त्या दिवशी मी म्हटलं होतं, माझ्यापेक्षा तूच बरं मांडलंस.

आणि पलीकडच्या पानावर, माझ्या अक्षरात: 'हरवलेला माणूस मेलेला नसतो. त्याला मयत म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही. त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवावी लागते.' हे तुझं. मी लिहून काढलेलं, तू मान डोलावलेलं.

बबनशेठनी दोन्ही पानं मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, हा परका असून याला कळत होतं. आणि आपलाच पोरगा.

तू म्हणालास, उलट आहे ते, दुसऱ्याचं लिहायचं असा नियम आहे. कुणीतरी हसलं. तू माझ्याकडे पाहिलंस. "जया, सांग ना."

मी म्हणालो, "आता त्यात कशाला शिरायचं? झालं ते झालं."

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

का, असं तू विचारशील. मला वाटलं, गाव तुझं, मामा तुझा, तुला चार शिव्या देऊन माफ करतील, मला तुडवतील. हे एक कारण. दुसरं याहून हलकं आहे. चार रविवार भांडून मी तो वाद जिंकला होतो. मंडळानं माझ्या बाजूनं हात वर केले होते. चूक माझ्या डिझाइनची होती हे पंधरा माणसांना कळलं असतं. तेवढ्यासाठी.

मग तुझी आई उठली आणि सगळ्यांदेखत बोलली, "आजपासून मना पोरगा न्हाय." तू सरांना बोलावून आणू शकला असतास. ताप उतरल्यावर ते आले असते, नियम समजावून सांगितला असता. तू नाही आणलंस. ते मी बोलायला हवं होतं, आणि तू त्याचीच वाट बघत होतास. चार दिवस बघितलीस आणि गेलास. सरांना मी सांगितलं, स्वरूपला चांगली नोकरी लागली.

वही माझ्याकडेच आहे. कपाटात वरच्या फळीवर कापडात बांधून ठेवली आहे, तरी त्या खोलीत दुपारी एकटा बसवत नाही. माझ्या अक्षरात तू बोलतोस तिच्यात.

दिवाळीला तिच्याकडे जातोय. सांगेन. मागच्या दिवाळीलाही सांगणार होतो, हेही लिहून ठेवतो.

जयकुमार

.

सिल्व्हर पार्क
सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

स्वरूप,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय. रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. का ते शेवटी कळेल. मधलं गाळू नकोस.

भाऊबीजेला सकाळी अकराला मी तुझ्या घरी गेलो. अर्नाळ्याहून गोदूमामी आल्या होत्या, दोन वर्षांनी पहिल्यांदा. आतल्या खोलीत होत्या. तुझ्या आईनं बाहेर पाट मांडला, भोवती रांगोळी काढलेली. मला वाटलं, कुणी नातेवाईक यायचाय. ती मला म्हणाली, "बस."

मी म्हटलं, कुठं? "पाटावर बस. मना भाऊ न्हाय राह्यला, न् पोरगा असून न्हाय. तू यतंस, औषिद आनतंस, डोला तू केलास. बस, तुला ओवालते."

मी बसलो. तिनं निरांजन लावलं, तबक उचललं. ज्योत माझ्या तोंडासमोर आली आणि मला ते सोसवेना. म्हणालो, "मावशी, थांबा. तो फोन मी घेतला होता. मयतमध्ये टाक, असं मी सांगितलं. स्वरूप तिथं नव्हता. त्याला ठाऊकही नव्हतं."

तबक हातात तसंच. माझ्याकडे बघून ती हसली रे. म्हणाली, "दोस्तासाटी सोतावर घेतंस. गुनी हायस."

मी पुन्हा सांगितलं. तारीख, वार, सगळं. म्हणाली, "वहीत त्याचं अक्षर व्हतं. सगल्यांनी बगलं." मी वही नेली होती. पानं उघडली, आमचा नियम समजावला. की भांडण नीट व्हावं म्हणून दुसऱ्याचं म्हणणं आपण आपल्या हातानं लिहायचं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं, हे किती बनवून सांगितल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, "दुसऱ्याचं बोलनं कोन कया लिवंल?" दोन वर्षं मी तिथं जी औषधं पोचवली, पाण्याचे जे डबे उचलले, ते सगळे माझ्या विरुद्ध साक्षीला उभे राहिले. चांगला मुलगा म्हणून तिनं मला असा पक्का धरलेला, की खरं सांगितलं तरी सुटेना.

तेव्हा गोदूमामी आतून आल्या. पांढरं लुगडं, हात मोकळे. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तुझ्या आईला विचारलं, "काय बोलतंय ह्यो? सोरूपचं नाव कया घेतंय?"

तुझ्या आईनं सांगितलं, मशिनीत नाथाला मेलेला घातला तो स्वरूपनं. गोदूमामी म्हणाल्या, "न्हाय."

एवढंच म्हणाल्या आधी. मग खाली बसल्या आणि बोलल्या. बोट आली नाही त्याच्या चौथ्या दिवशी तू त्यांच्याजवळ बंदरावर बसला होतास. म्हणालास, मामी, कुणी काही बोलो, बांगड्या काढू नको. मशिनीतसुद्धा मामाला मेलेला लिवू देनार न्हाय मी, त्यापायी भांडलोय मी. मंडळ म्हणजे काय ते मामींना कळलं नाही, पण ते वाक्य त्यांच्या लक्षात होतं, शब्दन् शब्द.

"मंग तवा बोललीस कया न्हाय?" तुझ्या आईनं विचारलं.

"मना कोन इचारलं? मना कोन्यात बशिवलेली, मंग भावानं नेली. सोरूप गेला तो कशापायी गेला, आज तुज्या तोंडून आयकते."

बाहेर फटाके वाजत होते. मग गोदूमामी माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. खरंच माहिती हवी असल्यासारख्या म्हणाल्या, "तू फोनात काय बोललास, परत बोल."

मी म्हणालो, "सध्या मयतमध्ये टाक."

"सध्या?"

"हो."

"मानूस सध्या मरतो काय रं?"

यावर मंडळातल्या कुणाकडं उत्तर असेल तर मला कळव. मी वीस दिवस शोधतोय.

पुढे म्हणाल्या, "मी त्याची वाट बगत व्हते. दिस दिस बंदरावर बसायची. तेवरं एक काम व्हतं मना. तुज्या कागदानं ते बी गेलं. आता तो आला न् दारात उबा राह्यला तर मी कोन त्याची? तोंड कसं दाखवू?"

तुझ्या आईनं तबक खाली ठेवलं आणि निरांजन पदरानं विझवलं. मला जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. मी पाटावरून उठलो, चपला घातल्या आणि आलो.

दुसऱ्या दिवशी बबनशेठकडे जाऊन हे सगळं लिहून दिलं, खाली नाव घालून. सरांना सांगितलं. सरांनी मला पाणी प्यायला बाहेर नाही पाठवलं. म्हणाले, जयकुमार, काही दिवस येऊ नका. मला ते अहो-जाहो करत नाहीत, तुला माहीत आहे. इशिताला सांगितलं. ती चार दिवस कामापुरतं बोलली.

मग अठरा दिवस काही नाही. मी गावाकडे फिरकलो नाही. तुझ्या आईनं काय ठरवलं ते कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं तोंड नव्हतं.

काल रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दोघी. भाईंदरहून बसनं आलेल्या, घर विचारत विचारत. आत या म्हटलं, आल्या नाहीत. इशितानं पाणी दिलं, ते उभ्यानं प्यायल्या. तुझी आई म्हणाली, "त्याचा नंबर दे."

मी चिठ्ठीवर लिहून दिला. तिनं चिठ्ठी बघितली, परत माझ्या हातात दिली. "मना कुटं येतंय. तू लावून दे."

आमच्या कोपऱ्यावर टेलिफोनचं बूथ आहे, काचेचं. तिघं आत मावत नव्हतो, म्हणून गोदूमामी बाहेर थांबल्या. मी नंबर फिरवला, रिंग ऐकली आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

साडेनऊला तुला एक फोन आला होता, कुणी बोललं नाही. तू 'हॅलो' म्हणालास. मग 'कोण?' मग इंग्रजीत काहीतरी, मग परत 'कोण बोलतंय?' रिसीव्हरमधून मला बारीक ऐकू येत होतं. ती ओठ हलवत होती, आवाज फुटत नव्हता. मग तू ठेवलास. ती तरी किती वेळ तो कानाला लावून उभी होती. मी म्हटलं, मावशी, परत लावू? ती नको म्हणाली.

बाहेर आल्यावर गोदूमामींनी विचारलं, काय बोलला? तुझी आई म्हणाली, "आवाज बारीक झालाय त्याचा. जेवत न्हाय नीट."

ती तुझी आई होती, स्वरूप. रॉन्ग नंबर नव्हता.

येत्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळी साडेनऊला ती परत येणार आहे. मी नंबर लावून देऊन बाहेर उभा राहीन, ऐकणार नाही. तू उचल. ती बोलली नाही तर तू बोल, काहीही बोल, जेवतोस का ते सांग. आणि तिनं ठेवेपर्यंत तू ठेवू नकोस.

जयकुमार